साथनियंत्रण व लोकमत : नांदेड व लातूर

साथीच्या रोगांचा प्रसार रोखण्यासाठी शासनाने घातलेले निर्बंध, प्रतिबंधक लसीची शिफारस वा सक्ती आणि सार्वजनिक आरोग्याचे धोरण यांविषयी नांदेड व लातूर या मराठवाड्यातील जिल्ह्यांत झालेला सार्वजनिक वाद. या वादाने तेथे ठळक रूप घेतले ते २०२०–२२ मधील कोविड-१९ च्या महामारीत. तथापि त्याची मुळे १८९६-९७ च्या मुंबई-पुण्यातील प्लेगपर्यंत जातात. वैद्यकशास्त्राला लोकांचा विरोध होता, असे या वादाचे वर्णन अनेकदा केले जाते. ते फारसे बरोबर नाही. औषध किंवा लस मुळातच नको, असे म्हणणारे थोडे होते. आज्ञा कोणी काढली, ती कोणावर व कशी बजावली आणि तिच्याबरोबर कोणती सोय पुरविली, या प्रश्नांभोवतीच वाद मुख्यतः फिरत राहिला.

पूर्वपीठिका : मुंबईच्या मांडवी भागात प्लेगचे निदान डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी सप्टेंबर १८९६ मध्ये केले [⟶ प्लेग]. रुग्णांना सक्तीने रुग्णालयात नेण्याच्या उपायाने मुंबईत लगेच क्षोभ उसळला. ऑक्टोबर १८९६ मध्ये गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडवरील रुग्णालयावर हल्ला केला. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग अधिनियम संमत झाला. त्यात मुळात अवघी चार कलमे होती. आवश्यक वाटतील ते उपाय योजण्याची मुभा त्याने शासनास दिली, आज्ञाभंगास शिक्षा ठरविली आणि सद्‌भावनेने काम करणाऱ्या अधिकाऱ्यास दाव्यापासून संरक्षण दिले. रुग्णाच्या वा त्याच्या कुटुंबाच्या हक्कांविषयी त्यात एक शब्दही नव्हता. पुढील सव्वाशे वर्षांतील पुष्कळशा तक्रारींचे बीज या मौनात आहे.

पुण्यात वॉल्टर चार्ल्स रँड याच्या प्लेग समितीने गोऱ्या सैनिकांकरवी घरोघर झडत्या घेतल्या. देवघरे व स्वयंपाकघरे यांत बुटांनिशी शिरणे, सामान जाळणे, स्त्रियांची तपासणी या गोष्टींनी शहर संतप्त झाले. २२ जून १८९७ रोजी चापेकर बंधूंनी गणेशखिंड रस्त्यावर रँडवर गोळी झाडली. तो ३ जुलै रोजी मरण पावला. याच काळातील केसरीतील लेखनाबद्दल लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला होऊन त्यांना अठरा महिन्यांची शिक्षा झाली. येथे एक गोष्ट सहसा विसरली जाते. टिळकांनी झडत्यांच्या पद्धतीवर कठोर टीका केली; परंतु रुग्णांना वेगळे ठेवण्याची गरज त्यांनी नाकारली नाही. साथीत ते पुण्यातच राहिले आणि हिंदूंसाठी स्वतंत्र प्लेग रुग्णालय उभारण्यात त्यांनी पुढाकार घेतला. सावित्रीबाई फुले यांचा अंत तर प्लेगच्या रुग्णांची शुश्रूषा करतानाच १० मार्च १८९७ रोजी झाला. अंमलबजावणीवर रोष आणि सेवेस तयारी, या दोन्ही गोष्टी एकाच शहरात एकाच वेळी होत्या. मार्च १८९८ मध्ये मुंबईत विणकरांच्या वस्तीत संशयित रुग्णास नेण्यावरून दंगल झाली. त्यानंतर सक्तीची धार कमी करून स्थानिक पुढाऱ्यांचे साहाय्य घेण्याकडे शासन वळले.

लसीचा इतिहासही याच काळाशी जोडलेला आहे. देवीची लस मुंबईत १४ जून १८०२ रोजी ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीस टोचण्यात आली. भारतातील ती पहिली होय. देवी येणे म्हणजे देवीचा कोप किंवा कृपा, अशी समजूत असलेल्या समाजात ‘देवी काढणारा’ हा सरकारी इसम खेड्याच्या परिचयाचा होण्यास बराच काळ लागला. प्लेगची लस वॉल्डेमार हाफकिन यांनी मुंबईत तयार करून १० जानेवारी १८९७ रोजी प्रथम स्वतःस टोचून घेतली. १९०२ मध्ये पंजाबातील मुलकोवाल येथे दूषित कुपीमुळे १९ जण धनुर्वाताने दगावले. हाफकिन यांच्यावर ठपका आला आणि त्यातून ते १९०७ मध्ये मुक्त झाले. परळ येथील त्यांच्या प्रयोगशाळेस १९२५ मध्ये त्यांचे नाव देण्यात आले. हे नाव नांदेडच्या संदर्भात पुढे पुन्हा येणार आहे.

हैदराबाद संस्थान व त्यानंतर : नांदेड व लातूर हा मुलूख त्या वेळी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. ब्रिटिश हिंदुस्थानचे कायदे तेथे आपोआप लागू होत नसत. संस्थान आपले हुकूम स्वतंत्रपणे काढी. त्यामुळे रँड-चापेकर प्रकरण मराठवाड्याने ऐकले ते शेजारच्या मुलुखाची वार्ता म्हणून. संस्थान १९४८ मध्ये भारतात विलीन झाले, मराठवाडा १९५६ मध्ये द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. लातूर हा स्वतंत्र जिल्हा १९८२ मध्ये उस्मानाबाद जिल्ह्यातून वेगळा करण्यात आला. या विलीनीकरणाची एक खूण कायद्यात दीर्घ काळ राहून गेली होती. १८९७ च्या मध्यवर्ती अधिनियमाच्या व्याप्तीच्या कलमात, १ नोव्हेंबर १९५६ पूर्वीच्या ‘ब’ वर्गातील राज्यांचे प्रदेश वगळल्याचे शब्द होते आणि हैदराबाद हे ‘ब’ वर्गातील राज्य होते. हे शब्द काढून टाकण्यात आले ते २०२० च्या दुरुस्तीने, म्हणजे कोविडची साथ सुरू झाल्यानंतर.

स्वातंत्र्योत्तर काळात देवी निर्मूलनाची मोहीम यशस्वी झाली. भारतातील शेवटचा रुग्ण १९७५ मध्ये आढळला. या यशाने आरोग्यसेवकाविषयी जो विश्वास मिळविला होता, त्यास आणीबाणीतील कुटुंबनियोजनाच्या सक्तीने धक्का बसला. शंकरराव चव्हाण मुख्यमंत्री असताना १९७६ मध्ये राज्य विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीची तरतूद असलेले विधेयक संमत केले. देशात अशा प्रकारचे ते पहिले होते. त्यास राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही. मात्र सरकारी दवाखान्यातील सुई आपल्या संततीवर उठेल, ही भीती पुढील मोहिमांतही पुनःपुन्हा डोके वर काढत राहिली. कोविडच्या लसीने वंध्यत्व येते, ही २०२१ मधील अफवा निराधार होती, पण ती रुजण्यास जमीन तयार होती, असे म्हणण्यास हरकत नाही.

कोविड-१९ : महाराष्ट्र शासनाने मार्च २०२० च्या मध्यास १८९७ च्या अधिनियमाखाली नियमावली जारी केली, २४ मार्चच्या मध्यरात्रीपासून देशभर टाळेबंदी आली. आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ याखालील अधिकारांमुळे जिल्हाधिकारी हा निर्बंधांचा प्रत्यक्ष कर्ता ठरला. लातूरला अशा आज्ञांची ओळख नवी नव्हती. २०१६ च्या दुष्काळात, मिरजेहून आगगाडीने पाणी येण्याच्या काही दिवस आधी, पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लावण्यात आली होती.

लातूर जिल्ह्यात पहिली खळबळ निलंगा येथे उडाली. हरियाणातून निघून आंध्र प्रदेशाकडे परतणारे बारा प्रवासी तेथील मशिदीत उतरले होते. एप्रिल २०२० च्या पहिल्या आठवड्यात त्यांपैकी आठ जण बाधित आढळले. दिल्लीतील तबलिगी जमातीच्या मेळाव्याच्या बातम्यांनी त्या दिवसांत वातावरण तापलेले होते. आजारी माणसाकडे रुग्ण म्हणून पाहावयाचे की आरोपी म्हणून, हा प्रश्न त्यामुळे गावोगाव उभा राहिला. त्यास न्यायालयीन उत्तर मराठवाड्यातूनच मिळाले. अहमदनगर जिल्ह्यात परदेशी तबलिगींवर दाखल झालेले गुन्हे मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने (न्या. नलावडे व न्या. सेवलीकर) २१ ऑगस्ट २०२० रोजी रद्द केले आणि या परदेशी लोकांना बळीचा बकरा केले गेल्याची शक्यता निकालात नमूद केली.

नांदेडमधील वाद याहून व्यापक होता आणि तो दोन राज्यांत पसरला. गुरू गोविंदसिंग यांचे १७०८ मध्ये येथे देहावसान झाले. तेथील सचखंड श्री हुजूरसाहिब हे शिखांच्या पाच तख्तांपैकी एक होय. टाळेबंदी जाहीर झाली तेव्हा सु. ४,००० यात्रेकरू, बहुतेक पंजाबचे, नांदेडमध्ये अडकून पडले. गुरुद्वाऱ्यांच्या लंगरांनी महिनाभर त्यांच्या अन्नाची व निवासाची सोय केली. एप्रिलच्या अखेरच्या आठवड्यात पंजाब शासनाने पाठविलेल्या बसगाड्यांतून ते परतले. पंजाबात पोहोचल्यावर त्यांपैकी हजाराहून अधिक जण बाधित निघाले व त्या राज्यातील रुग्णसंख्या एकाएकी वाढली. महाराष्ट्राने पुरेशी तपासणी न करता यात्रेकरूंना सोडले, असा आरोप पंजाबच्या बाजूने झाला. बाधा प्रवासात वा वाहनचालकांकडून झाली असावी, असे महाराष्ट्राच्या बाजूने सांगण्यात आले. नांदेड शहरात पहिला रुग्ण २२ एप्रिल रोजी, म्हणजे यात्रेकरू निघण्याच्या सुमारासच, आढळला होता. त्यामुळे दोन्ही बाजूंना आपापल्या सोयीचा पुरावा मिळाला. पुढे लंगरसाहिब परिसरातील काही सेवेकरी बाधित आढळल्याने तो भाग बंद करण्यात आला. ज्यांनी हजारो पाहुण्यांना जेवू घातले, त्यांच्याकडेच काही दिवस संशयाने पाहिले गेले. त्या वेळी लक्षणे नसलेल्यांच्या चाचण्या सरसकट होत नव्हत्या आणि सर्वांना तपासण्याइतकी प्रयोगशाळांची क्षमता जिल्ह्यात नव्हती, ही वस्तुस्थिती या आरोप-प्रत्यारोपांत मागे पडली.

सोयींचा हा प्रश्न मे २०२० मध्ये निराळ्या रीतीने पुढे आला. नांदेडचे पालकमंत्री अशोक चव्हाण यांना बाधा झाली, तेव्हा उपचारांसाठी त्यांना मुंबईस हलविण्यात आले. ज्या जिल्ह्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, तेथील सामान्य रुग्णाने कोणत्या भरवशावर राहावे, अशी चर्चा त्यावरून झाली. जुलै २०२० मध्ये नांदेड व लातूर या दोन्ही जिल्ह्यांत देशव्यापी टाळेबंदी उठल्यानंतर पुन्हा स्थानिक टाळेबंदी लावण्यात आली. लातूरमध्ये ती १५ ते ३० जुलै अशी होती. गंजगोलाईच्या सोळा रस्त्यांवरील बाजार, आडतीचे व्यवहार आणि शिकवणी वर्गांच्या आधाराने चालणारी वसतिगृहे व खानावळी यांवर ‘लातूर पॅटर्न’ च्या या शहराचे अर्थकारण बरेचसे अवलंबून आहे. दुकानदाराचे भाडे, हमालाची मजुरी व खानावळवाल्याची उधारी यांचा विचार टाळेबंदीच्या आज्ञेत नसतो. व्यापाऱ्यांची तक्रार स्थूलमानाने हीच होती.

मिरवणुका व निर्बंध : धार्मिक आचारावरील निर्बंध हा वादाचा सर्वांत नाजूक भाग ठरला. आषाढी वारीच्या पालख्या २०२० व २०२१ या दोन्ही वर्षी मोजक्या वारकऱ्यांसह एस. टी. बसने पंढरपुरास नेण्यात आल्या. मराठवाड्यातील दिंड्यांनी हा खंड दुःखाने, परंतु मोठ्या संघर्षाविना स्वीकारला. मंदिरे उघडण्याच्या मागणीने मात्र राजकीय रूप घेतले आणि ऑक्टोबर २०२० मध्ये राज्यपाल व मुख्यमंत्री यांच्यात जाहीर पत्रव्यवहार झाला. प्रार्थनास्थळे नोव्हेंबरमधील पाडव्यास उघडली. नांदेडच्या गुरुद्वारा मंडळाने दसऱ्याच्या परंपरागत मिरवणुकीसाठी सर्वोच्च न्यायालयाकडे दाद मागितली. न्यायालयाने निर्णय प्रथम राज्याच्या आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणावर सोपविला. परंपरेचे वय आणि साथीचा धोका यांची तुलना न्यायासनाने करावी की प्रशासनाने, हा पेच त्या प्रकरणात होता.

मार्च २०२१ मध्ये दुसरी लाट आली. नांदेड जिल्ह्यात २५ मार्च ते ४ एप्रिल अशी टाळेबंदी जाहीर झाली आणि होला मोहल्ल्याचा सण नेमका या काळात आला. कार्यक्रम गुरुद्वाऱ्याच्या आवारातच करण्याचे आश्वासन पोलिसांना देण्यात आले होते. २९ मार्च रोजी मिरवणूक प्रवेशद्वाराशी आली, तेव्हा तरुणांचा जमाव अडथळे तोडून रस्त्यावर आला व त्याने पोलिसांवर हल्ला केला. काही पोलीस जखमी झाले, वाहनांची मोडतोड झाली आणि अनेकांवर गुन्हे नोंदविण्यात आले. या हिंसेचे समर्थन करता येणार नाही. तथापि पुढच्याच महिन्यात पंढरपूर विधानसभेच्या पोटनिवडणुकीसाठी सभा भरत होत्या, हेही तितकेच खरे आहे. एकाच राज्यात मतासाठीची गर्दी चालते व सणासाठीची चालत नाही, असे दिसले की निर्बंधाचे शास्त्रीय कारण कितीही सबळ असले, तरी ते पटविणे कठीण जाते. औरंगाबाद येथे लोकप्रतिनिधींच्या विरोधानंतर जाहीर झालेली टाळेबंदी ३० मार्च रोजी, अंमल सुरू होण्यापूर्वीच, स्थगित करण्यात आली. शेजारच्या शहरात विरोधाने आज्ञा मागे घेतली जाते, हे नांदेडकर पाहत होते.

दुसऱ्या लाटेत निर्बंधांपेक्षा प्राणवायू, खाटा व रेमडेसिव्हिरची कुपी यांची चिंता मोठी झाली. औरंगाबाद खंडपीठाने एप्रिल २०२१ मध्ये वृत्तपत्रांतील बातम्यांची स्वयंप्रेरणेने दखल घेऊन मराठवाड्यातील स्थितीवर सुनावणी घेतली. ‘पीएम केअर्स’ निधीतून औरंगाबादच्या शासकीय रुग्णालयास मिळालेल्या नादुरुस्त श्वसनयंत्रांचा प्रश्नही तेथे गाजला.

लसीकरण : देशात लसीकरण १६ जानेवारी २०२१ रोजी सुरू झाले. लातूर-नांदेडमध्ये आरंभी तक्रार होती ती लस मिळत नसल्याची. १८ ते ४४ वयोगटासाठी १ मे पासून राज्यात मोहीम सुरू झाली, परंतु साठा अपुरा पडल्याने ती त्याच महिन्याच्या मध्यास थांबवावी लागली. संगणकीय नोंदणीची अट शहरी सुशिक्षितांना सोयीची होती. जाळे नसलेल्या गावातील केंद्रावर शहरातील माणसे लस घेऊन जात व गावकरी पाहत राहत, असे दृश्य अनेक ठिकाणी दिसले. २१ जूनपासून केंद्र शासनाने पुरवठा आपल्या हाती घेतल्यावर साठा वाढला.

त्यानंतर प्रश्न उलटा झाला. ३ नोव्हेंबर २०२१ रोजी पंतप्रधानांनी लसीकरणात मागे पडलेल्या जिल्ह्यांचा आढावा घेतला. त्यांत महाराष्ट्रातील सहा जिल्हे होते आणि नांदेड, हिंगोली व औरंगाबाद हे तीन त्यांपैकी मराठवाड्याचे होते. लातूर त्या यादीत नव्हते. सोयाबीनच्या सुगीची गडबड, ऊसतोडीसाठी होणारे स्थलांतर, अफवा आणि साथ ओसरल्याची भावना ही कारणे सामान्यतः दिली जातात. त्यांत आणखी एक कारण जोडावयास हवे : मे महिन्यात रांगेतून रिकाम्या हाताने परतलेला मनुष्य ऑक्टोबरमध्ये पुन्हा रांगेत उभा राहीलच, असे नाही.

यावर उपाय म्हणून औरंगाबादच्या जिल्हाधिकाऱ्यांनी नोव्हेंबर २०२१ मध्ये लसीच्या प्रमाणपत्राशिवाय पेट्रोल व शिधा न देण्याची आज्ञा काढली. लसीकरणाचा वेग त्यानंतर वाढला. परंतु अन्नाचा हक्क लसीस बांधावा काय, हा प्रश्नही त्यातून उभा राहिला. मुंबईच्या उपनगरी गाड्यांत केवळ दोन मात्रा घेतलेल्यांनाच प्रवेश देण्याच्या राज्याच्या आज्ञा विहित पद्धतीने काढल्या नसल्याचे उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये दाखवून दिल्यावर शासनास त्या मागे घ्याव्या लागल्या. जेकब पुलियेल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २ मे २०२२ रोजी या वादातील तत्त्व स्पष्ट केले. कोणासही त्याच्या इच्छेविरुद्ध लस टोचता येणार नाही. मात्र सार्वजनिक हितासाठी प्रमाणशीर निर्बंध घालण्याचा शासनास अधिकार आहे. केंद्राचे लसविषयक धोरण अवाजवी नसल्याचेही न्यायालयाने म्हटले. दोन्ही पक्षांनी या निकालाचा आपल्या सोयीचा अर्धा भाग उद्‌धृत केला. राज्यातील निर्बंध तोपर्यंत, एप्रिल २०२२ च्या आरंभीच, उठलेले होते.

रुग्णालयाचा प्रश्न : साथ ओसरल्यावर नांदेडमधील वाद संपला नाही, त्याने मूळ प्रश्नाकडे वळण घेतले. विष्णुपुरी येथील डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात ३० सप्टेंबर ते १ ऑक्टोबर २०२३ या चोवीस तासांत २४ रुग्ण दगावले; त्यांपैकी १२ नवजात अर्भके होती. पुढील दिवसापर्यंत हा आकडा ३१ झाला. शेजारच्या जिल्ह्यांतून व तेलंगणाच्या सीमाभागातूनही येथे रुग्ण येतात आणि पुष्कळदा ते अगदी अखेरच्या अवस्थेत पाठविलेले असतात. क्षमतेपेक्षा अधिक रुग्ण, रिक्त पदे आणि औषधांचा तुटवडा यांकडे विरोधकांनी बोट दाखविले. औषधे पुरेशी होती, असे शासनाचे म्हणणे होते. हिंगोलीचे खासदार हेमंत पाटील यांनी रुग्णालयास भेट देऊन प्रभारी अधिष्ठात्यांस प्रसाधनगृह स्वच्छ करावयास लावले. त्यावरून गुन्हा नोंदला गेला व डॉक्टरांच्या संघटनांनी निषेध केला. रोष व्यक्त करण्याचा हा प्रकार प्रसिद्धीस पुरेसा आणि रुग्णांस निरुपयोगी होता. मुंबई उच्च न्यायालयाने प्रकरणाची स्वतःहून दखल घेतली व रिक्त पदे आणि औषधखरेदी यांविषयी शासनाकडे विचारणा केली.

औषधखरेदीच्या या चर्चेत हाफकिन यांचे नाव पुन्हा आले. शासकीय रुग्णालयांसाठी लागणारी औषधे व उपकरणे यांची एकत्रित खरेदी २०१७ पासून हाफकिन जीव-औषध निर्माण महामंडळाकडे सोपविण्यात आली होती. लसनिर्मिती हे ज्या संस्थेचे परंपरागत काम, तिच्यावर निविदा काढण्याचा भार पडला आणि खरेदीतील विलंबाच्या तक्रारी वाढत गेल्या. २०२३ मध्ये स्वतंत्र कायद्याने महाराष्ट्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण स्थापन करण्यात आले. नांदेडची घटना घडली ती जुनी व्यवस्था सुटलेली व नवी अद्याप पुरती न बसलेली, अशा संधिकाळात.

२०२० च्या दुरुस्तीने साथरोग अधिनियमात आरोग्यसेवकांवरील हल्ल्यांस कडक शिक्षा ठरविण्यात आली. रुग्णांच्या व नागरिकांच्या हक्कांविषयीचे त्याचे मौन तसेच राहिले. बाविसाव्या विधी आयोगाने फेब्रुवारी २०२४ मधील आपल्या २८६ व्या अहवालात हा अधिनियम अपुरा ठरवून त्यात व्यापक सुधारणा करण्याची किंवा त्याच्या जागी नवा कायदा आणण्याची शिफारस केली आहे. केंद्र, राज्ये व स्थानिक संस्था यांच्या अधिकारांची स्पष्ट विभागणी आणि विलग्नवास व टाळेबंदी यांविषयीची आगाऊ ठरविलेली योजना, या गोष्टींवर तिच्यात भर आहे.